माय लिहायला शिकत होती तो उन्हाळा

मॅट्रिकचा शेवटचा पेपर देऊन मी घरी आले तेव्हा माय दारात बिड्या वळत बसली होती. मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पानं, बाजूला तंबाखू. पेपर कसा गेला ते तिनं विचारलं नाही. हात न थांबवताच म्हणाली, "झाले न तुह्ये पेपर? मंग आता मले शिकव."

"काय शिकवू?"

"लिहाले-वाचाले. तू जाशीन अवरंगाबादले. मंग तुह्यी पत्रं मी कोनाकडून वाचून घेऊ?"

मी हसले. म्हटलं, काकाजी आहेत की. काकाजी म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणारे, रेल्वेतून रिटायर झालेले म्हातारे गृहस्थ. माणूस देवासारखा. नागपूरच्या पाचपावलीतल्या आमच्या अख्ख्या गल्लीची पत्रं ते फुकट वाचत आणि लिहून देत. पण कानानं ठार बहिरे. त्यामुळे पत्र वाचायचे तेही ओरडून, आणि त्यांना काही लिहायला सांगायचं तर आपणही ओट्यावर बसून ओरडायचं. समोरच्या बाईच्या लेकीचं सासरहून पत्र आलं, की नवरा मारतो, तर ते काकाजींनी असं खणखणीत वाचलं की नळावर भांडी घेऊन उभ्या असलेल्या बायांनी मान वर करून ऐकलं. ती बाई पंधरा दिवस नळावर आली नाही. शाळेत जाणारी पोट्टी होती गल्लीत, पण त्यांच्या तोंडी पत्र देणं म्हणजे दवंडी पिटणंच.

"आनि मले तुले काही सांगाचं असन तं?" माय म्हणाली.

"तुले काय सांगाचं असते?"

"असते वं. बाईमानसाले असते काही."

घरात आम्ही दोघीच. बाबा मी पाच वर्षांची असतानाच गेले. मौद्याला मावशी होती, तीही अंगठेबहाद्दर. म्हणजे मी गेल्यावर माय एकटी राहणार होती, आणि तिला माझ्याशी बोलायचा एकच रस्ता होता, तोही काकाजींच्या ओट्यावरून जाणारा. हे मला त्या दिवशी नीट कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणून आज मला सुटका करून घेता येत नाही.

आता एक गोष्ट सांगून टाकते. नागपुरात कॉलेजं नव्हती काय? ढीगभर होती. मायला मी सांगितलं होतं की औरंगाबादला होस्टेल फुकट मिळतं, स्कॉलरशिप मिळते. ते खोटं नव्हतं. पण मला त्या घरातून निघायचं होतं. तंबाखूचा वास माझ्या वेणीला यायचा, वह्यांना यायचा, डब्यातल्या पोळीला यायचा. वर्गातली एक मुलगी माझ्या शेजारी बसली की रुमाल नाकाला लावायची. मी तिच्यावर चिडायला हवं होतं. मी चिडायचे मायवर.

तर शिकवणी सुरू झाली. मी माझी जुनी पाटी काढली. एप्रिलचं ऊन, दाराला ओलं पोतं लावलेलं, आणि आत मी मास्तरीण होऊन बसलेली. काय मास्तरीण! पुढे बत्तीस वर्षं मी शाळेत शिकवलं, पोरांवर हात उगारला नाही, कोणाला ढ म्हटलं नाही. सगळा राग मी माझ्या पहिल्या विद्यार्थिनीवर काढून मोकळी झाले होते. "किती वेळा सांगू? इकडून घे रेघ, इकडून! डोक्यात माती भरली काय तुह्या?" असं मी आईला म्हणायचे. ती हसायची. म्हणायची, "थांब वं, हात ऐकून नाही राहिला." जे हात डोळे मिटून बिडीला दोरा बांधत, त्यांना पाटीवरची पेन्सिल काही धरता येत नव्हती. दाबून धरायची नि पेन्सिल मोडायची.

मग तिनंच रस्ता काढला. पाटी घ्यायची तर काम थांबवावं लागे, आणि काम थांबवणं तिला जमणारं नव्हतं. भिजवलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या फर्म्यावर ठेवून कात्रीनं कापतात, तेव्हा कडेची कातरण खाली पडते. ती ओली कातरण उचलायची आणि सुईच्या टोकानं तिच्यावर अक्षर ओरखडायची. ओल्या पानावरचा ओरखडा आधी दिसत नाही. वाळला की काळा उठतो. सकाळी काढलेली अक्षरं दुपारी उठायची आणि ती मला दाखवायची. "पाह्य, हा ग झाला काय?" मी पुस्तकातून डोकं न काढता हूं म्हणायचे. खरं सांगते, मी अर्ध्या वेळा पाहिलंच नाही.

मे महिन्याच्या अखेरीस नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला. पानं तर अशी कडकडा वाळायची की माय दर घटकेला त्यांच्यावर पाणी शिंपडायची. अक्षरं मात्र तिनं सोडली नाहीत. चार-पाच नव्हे, वीसेक अक्षरं तिला यायला लागली होती. दुकानाच्या पाटीसमोर उभी राहून ती एकेक अक्षर बोटानं हवेत गिरवायची आणि मी तिला हात धरून पुढं ओढायचे. रस्त्यात काय शोभा करून राहिली, म्हणायचे.

जूनमध्ये निकाल लागला. मला फर्स्ट क्लास मिळाला. गल्लीत पेढे वाटले, काकाजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवून असा आशीर्वाद दिला की रस्त्यावरचा सायकलवाला थांबला. दिवसभर घरी येणं-जाणं चाललं होतं. संध्याकाळी माय माझ्याजवळ आली, हातात चांगली कापलेली, पूर्ण पानं होती. म्हणाली, "पाह्य न वं, आज मी पुरा शब्द लिहिला. माय. कातरनीवर मावत नव्हता म्हनून पानावरच लिहिला. उठला नाही अजून, पन उजेडात धरलं तं दिसते."

मी मैत्रिणींसोबत बसले होते. म्हटलं, "उद्या पाह्यते."

वळायची पानं ओली राहावीत म्हणून त्यांच्यावर ओलं पोतं टाकलेलं असे, त्याखालीच तिनं ती पानं ठेवली, मला दाखवायला. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तिनं तेच पोतं काढलं आणि त्याखालची सगळी पानं वळून टाकली. तिच्याही ध्यानात राहिलं नाही. माझ्या तर नाहीच नाही.

दोन दिवसांनी कारखान्यात माल द्यायचा होता. तिचं पोट दुखत होतं, म्हणून टोपलं मी उचललं आणि तिच्याबरोबर गेले. एरवी मी तिथं जायचं टाळायचे. बायांची रांग, पुढे टेबलावर मुन्शी. तो बंडलं तपासायचा, वाईट बिड्या काढून टाकायचा. त्याला छाट म्हणत. छाट काढलेली बिडी समोरच मोडायचे, म्हणजे बाई ती पुन्हा आणून देणार नाही. मुन्शी त्या दिवशी खुशीत होता. मला पाहून म्हणाला, "ये ये कॉलेजवाली! फर्स्ट क्लास मारला म्हन्ते?" सगळ्या बायांनी माझ्याकडे पाहिलं. मला फार बरं वाटलं. आता आपण ह्या रांगेतल्या नाही, असं वाटलं.

मग त्यानं मायचं बंडल उचललं, एक बिडी काढली, उजेडाकडे धरली, दुसरी काढली, तिसरी. प्रत्येकीच्या पोटावर काळं काहीतरी उठलेलं. वाकडातिकडा म, अर्धा काना, कुठे य ची शेपटी.

"अरे ये क्या है बाई? बिडी है के पोथी?" मुन्शी म्हणाला आणि रांग फिदीफिदी हसली. मग तो माझ्याकडे वळला. "हे तुह्या मायनं लिहिलं काय? तू शिकवून राहिली काय तिले?"

त्याच्या आवाजात वाकडं काही नव्हतं. मी हो म्हटलं असतं तर बहुतेक शाबास म्हणाला असता. त्यानं बंडल तरीही काढून टाकलंच असतं, पण शाबास म्हणाला असता. मी नुसतं हो म्हणायचं होतं. इतकंच.

मी हसले. म्हटलं, "नाही जी. हिले कुठं अक्षर येते! गल्लीतल्या पोट्ट्यायनं खेळता खेळता केलं असन."

मायनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग मुन्शीला म्हणाली, "हो जी. पोट्ट्यायनंच केलं असन."

त्यानं त्या बिड्या एकेक करून मोडल्या. ती उभी राहून पाहत होती. मी लिहिलेलं असं कोणी माझ्यासमोर मोडलं असतं, तर मी केवढा तमाशा केला असता! परत येताना तिनं टोपलं माझ्या हातून काढून स्वतःच्या डोक्यावर घेतलं. मी दे म्हटलं नाही.

त्या दिवसापासून तिनं कातरणीवर सुई टेकवली नाही. मीही विचारलं नाही की काय गं, बंद काहून केलं. माझ्या जायला पुरे अठरा दिवस होते. अठरा दिवसांत उरलेली अक्षरं आणि जोडाक्षरं शिकवून झाली असती, आज मी कोणत्याही बाईला शिकवून दाखवते. पण मला, काय सांगू, सुटल्यासारखं वाटलं. दुपारी निवांत पुस्तक वाचायला मिळू लागलं. तिनं पाटी पाण्याच्या मडक्यावर झाकण म्हणून ठेवली, तेव्हासुद्धा मी ती सरकवून पाणी घेऊन प्यायले. लाज वाटायला हवी होती ती तेव्हा वाटली नाही. ती मागाहून आली आणि मग गेली नाही.

जूनच्या शेवटी मी औरंगाबादला गेले. होस्टेल चांगलं होतं. माझ्या वेणीला आता कशाचा वास येत नव्हता. मी दर पंधरवड्याला मायला पत्र टाकायचे, आणि काकाजी ते ओरडून वाचणार हे माहीत असल्यामुळे त्यात जेवण, अभ्यास आणि पाऊस यापलीकडे काही लिहायचे नाही. उत्तर यायचं काकाजींच्या वळणदार अक्षरात. "तुझी आई खुशाल आहे. काळजी करू नये. अभ्यास करावा." प्रत्येक वेळी तेच. मी वाचून ठेवून द्यायचे. खुशाल आहे म्हणजे खुशालच असेल, दुसरं काय.

ऑक्टोबरच्या सुट्टीत घरी आले तर दाराला कुलूप. समोरची बाई म्हणाली, "तुह्यी माय मौद्याले हाय न, बहिनीकडे. तुले मालूम नाही काय? आपरेशन झालं तिचं."

मी तशीच एसटी पकडून मौद्याला गेले. माय मावशीच्या घरी बाजेवर पडली होती. निम्मी राहिली होती. मावशीनं सांगितलं, उन्हाळ्यापासून तिच्या अंगावरून जात होतं. कोणाला बोलली नाही. सप्टेंबरात नळावर चक्कर येऊन पडली तेव्हा बायांनी उचलून सरकारी दवाखान्यात नेलं. रक्त चढवलं, पिशवी काढली. डॉक्टरीणबाई म्हणाली की आठ दिवस उशीर झाला असता तर बाई हाती लागली नसती. दवाखान्यात पंधरा दिवस होती आणि त्या पंधरा दिवसांत काकाजींचं एक कार्ड मला आलं होतं, तिनंच निरोप धाडून लिहवलेलं, खुशाल आहे म्हणून.

मी रडायला लागले आणि रडता रडता भांडायलाही लागले. माझी सवयच ती, चूक माझी असली की माझा आवाज आधी चढतो. "तू मले काहून नाही कळवलं? मेली असती तं? एक पत्र टाकता येत नव्हतं?"

माय हळूच म्हणाली, "काय करू वं? म्हाताऱ्याच्या कानात वरडून सांगू काय, माह्या अंगावरून जाते म्हनून? समद्या गल्लीनं आयकलं असतं."

मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "माय, मी आता शिकवते तुले. पुरी सुट्टी हाय. बिलकुल रागावनार नाही. पुरं शिकवूनच जाईन."

तिनं माझ्या हातावर थोपटलं. म्हणाली, "राहू दे बाई. कोनी पाह्यलं तं तुले लाज वाटन."

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच माझी काळजी वाटत होती.