कांबळ्याखालची ठिणगी

जुनी पेट्रोल पिकअप झटके देत मिसिंग मारायला लागली, की धरमपेठेतली माणसं आधी प्लग बदलतात, मग कॉइल बदलतात, मग मेकॅनिक बदलतात. शेवटी काटोल रोडला माझ्या गॅरेजात येतात आणि वरून म्हणतात, "मेजरसाब, चालते तर आहे ना?" मी हवालदार होतो, मेजर नव्हे. आणि 'चालते तर आहे' हे ऐकलं की माझं डोकं सटकतं. काहून सटकतं ते एकदा सांगून टाकतो.

माझी शेवटची पोस्टिंग उत्तर सरहद्दीवर, उंचावर होती. मी वेहिकल मेकॅनिक. आमचं वर्कशॉप म्हणजे टिनाचं शेड. युनिटकडे एक जुनी पेट्रोल पिकअप होती. ती वरच्या पोस्टवर रेशन न्यायची आणि आजारी जवान खाली आणायची. मोठा ट्रक त्या वळणांवर चढत नसे. पिकअपचा ड्रायव्हर देविदास, हुद्द्यानं नाईक, आपल्या नरखेड तालुक्यातला, घरची संत्र्याची बाग असलेला. गाडी काढण्याआधीच्या तपासणीला आम्ही फर्स्ट पॅरेड म्हणतो. ती झाली की तो बॉनेटवर थाप मारून म्हणायचा, "चाल वं माय."

मग गाडी रोज सकाळी झटके देऊ लागली. चढावर दम तोडायची आणि दुपारी माझ्यासमोर आली की एकदम शहाणी. प्लग बदलले, पॉइंट घासले, कार्बोरेटर उघडून धुतला. दुसऱ्या सकाळी तेच रडगाणं. मी चिडलो.

"तूच काहीतरी उलटं करून राहिला," मी म्हणालो.

"उस्ताद, धुकं असलं की रडते. ऊन पडलं की चूप. तुमी धुक्यातच पाहा ना."

पाहिलं. इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरी एकेक काढल्या. जी वायर काढल्यावर आवाज बदलत नाही, तो सिलिंडर मेलेला समजायचा. इथे दर वेळी वेगळाच सिलिंडर मेलेला निघे. म्हणजे दोष सगळ्यांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये होता. मी कांबळं मागवलं. दोघांनी बॉनेटखाली डोकी घातली, पंख्यापासून नाकं सांभाळली आणि वरून कांबळं ओढून भरदिवसा अंधार केला. पाण्याचा हलका फवारा मारला. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणावरून एक निळी ठिणगी सरपटत गेली. तिथे केसाएवढी चीर होती. ओल धरली की करंट प्लगला न जाता त्या चिरेतून पळायचा.

"हे तर सापाचं पिल्लू हाय," देविदास म्हणाला. मला हसू आलं नाही.

नवीन झाकण खालच्या डेपोतून यायचं होतं. चीर खरवडून तात्पुरती बुजवली आणि गाडी 'ऑफ रोड', म्हणजे चालवायची नाही, अशी लिहून टाकली. झाकण येण्याआधीच एका सकाळी वरच्या पोस्टवरून वायरलेस आला. एका जवानाच्या छातीत पाणी भरलं होतं. लगेच खाली आणला नाही तर तो जगणार नव्हता. दाट धुक्यात हेलिकॉप्टर येणं शक्य नव्हतं.

कंपनी कमांडर साहेबांनी विचारलं, "हवालदार, गाडी जाएगी?"

"जाएगी साहब. कहाँ रुकेगी, वो नहीं बता सकता."

परतीच्या वाटेवर एक छोटा चढ होता, नेमका दरडीखाली. वरून दगड सुटायचे म्हणून तिथे थांबायचं नाही असा कायमचा हुकूम होता. देविदासला मी हे सगळं पुन्हा सांगितलं.

"माहीत हाय उस्ताद. पण ते पोरगं श्वास घेऊन नाही राहिलं."

तो वर पोहोचला. जवानाला, नर्सिंग असिस्टंटला आणि ऑक्सिजनची टाकी घेऊन निघाला. मी खाली वायरलेस सेटवर बसलो होतो.

"गाडी बंद. दरडीखाली. ओव्हर."

"पेशंट उतरवा. पायी निघा. खाली ट्रक उभा आहे. ओव्हर."

"असिस्टंट त्याले पाठीवर घेऊन निघाला. टाकी जड हाय, पाठीवर नाही जमत. झाकण पुसतो अन् टाकी गाडीत घेऊन मागून येतो. ओव्हर."

"देविदास, टाकी सोड, गाडी सोड. ओव्हर."

त्यानंतर नुसती खरखर ऐकू आली.

असिस्टंट पेशंटला घेऊन ट्रकपर्यंत पोहोचला. पोरगं वाचलं.

धुकं हटल्यावर आम्ही वर गेलो. देविदास बॉनेटवर वाकलेला होता. हातात स्वतःचा मफलर होता, झाकण पुसायला काढलेला. दगड त्यालाच लागला होता, गाडीला साधा पोचाही नव्हता. त्याचा देह खाली पाठवल्यावर मी किल्ली फिरवली. पहिल्याच सेल्फला इंजिन सुरू झालं. उन्हात एकही झटका नाही. मला त्या आवाजाची किळस आली. इंजिन बंद करून मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो.

सुटीवर आलो तेव्हा त्याच्या गावी गेलो. त्याची बायको सुनंदा ओसरीत बसली होती. सासू आत होती.

"गाडी काहून बंद पडली, भाऊ? आई म्हणते, खराब गाडी देऊन फसवून पाठवलं त्यायले," तिनं विचारलं.

मी चीर, धुकं, दरड, सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

"त्यायले माहीत होतं हे?"

"होतं. आम्ही दोघांनी मिळून पाहिलं होतं."

"अन् तरी गेले?"

"गेला."

ती उठून दाराशी गेली. मग आत वळून तिनं सासूला हाक मारली.

"आई, कोणी फसवून नाही पाठवलं त्यायले. माहीत होतं. माहीत असून गेले."