मराठी: एकही नाव नाही

"सिस्टिममध्ये दिसत नाही" असं कोणी म्हणालं की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. घरचे म्हणतात, इतकी वर्षं झाली, आता सोड. मी सोडत नाही.

तेव्हा आम्ही दिल्लीच्या द्वारकेत नुकतेच राहायला आलो होतो आणि मी गुडगावात एका कॉल सेंटरमध्ये होते. फोनवर बोलणाऱ्या मुलामुलींचे कॉल ऐकायचे आणि त्यांना गुण द्यायचे, हे माझं काम. इमारत काचेची, खिडकीबाहेर मोहरीचं शेत, आणि दर आठवड्याला त्या शेताचा एक तुकडा कमी झालेला.

माझ्या टीममध्ये फरीदाबादची एक मराठी मुलगी होती. वडिलांच्या कारखान्याला टाळं लागल्यापासून घर तिच्या पगारावर चाललं होतं. ती एका परदेशी विमा कंपनीचे फोन घ्यायची. एके दिवशी समजलं की ते विम्याचं काम मनिलाला जाणार आणि त्यावरची माणसं कमी होणार. त्याच सुमाराला महाराष्ट्रातल्या एका मोबाइल कंपनीने आमच्याकडे विचारणा केली: मराठीत बोलणारी माणसं आहेत का? मला वाटलं, देव पावला.

तिचं मराठी घरातलं, स्वच्छ. फक्त दिल्लीत वाढलेल्या मुलांसारखे तिचे तिसाच्या पुढचे आकडे हरवले होते. डबा खाताना मी ते तिच्याकडून घोटून घ्यायला लागले.

"ताई, उनहत्तर म्हणजे?"

"एकोणसत्तर."

"यार, फोन नंबर सांगता सांगता जीव जाईल माझा!"

हसायची, पण दुसऱ्या दिवशी पाठ करून यायची.

आता रिपोर्टचं सांगते. प्रत्येकाच्या नोंदीत 'भाषा' असा एक रकाना होता. त्यात येत असतील त्या सगळ्या भाषा स्वल्पविराम देऊन लिहायच्या. आम्ही दिल्लीतली मराठी माणसं काय लिहिणार? इंग्लिश, हिंदी, मराठी. मराठी शेवटी, कारण नोकरी इंग्रजीवर मिळते, रस्ता हिंदीवर चालतो, आणि मराठीबद्दल कोणी कधी विचारलेलं नसतं. मीही तसंच लिहिलं होतं.

कंपनीने तेव्हा नवीन महागडं रिपोर्टचं सॉफ्टवेअर घेतलं होतं, आणि ते शिकून आलेला एक रिपोर्टवाला होता. त्याने फिल्टर लावला: भाषा 'इक्वल्स' मराठी. म्हणजे ज्याच्या रकान्यात मराठी आणि फक्त मराठी आहे, तोच दाखव. डब्यात पोळी, भाजी, लोणचं असताना "डब्यात पोळी आहे का?" याला "नाही" म्हणण्यातला हा प्रकार. अर्थातच पडद्यावर एकही नाव आलं नाही.

मीटिंगमध्ये आमचे साहेब तो कोरा तक्ता दाखवून म्हणाले, "दिल्ली में मराठी लोग मिलते ही नहीं."

मी समोर बसले होते. म्हटलं, "सर, मैं कौन हूँ?"

"अरे मॅडम, आप तो बिलकुल मराठी नहीं लगतीं," साहेब म्हणाले. कौतुकाने म्हणाले! सगळे हसले. त्या क्षणी टेबलावरचं पाणी त्यांच्या अंगावर ओतायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

मी रिपोर्टवाल्याकडे गेले. 'इक्वल्स'च्या जागी 'कंटेन्स' लाव म्हटलं, म्हणजे रकान्यात कुठेही मराठी असली तरी नाव येईल. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "उससे डेटा गंदा आता है, मॅडम. जिसको थोड़ी-बहुत आती है, वो भी आ जाएगा." मग मीच त्याच्या शेजारच्या मशीनवर बसून फिल्टर बदलला. पडदा भरून नावं आली. माझं, तिचं, आणि ज्यांच्याशी मी वर्षभर लिफ्टमध्ये हिंदीत बोलत होते अशा कितीतरी जणांची. कागद छापला आणि साहेबांपुढे ठेवला.

साहेबांनी तो वाचलाही नाही. "रिपोर्ट फ्रीज हो चुकी है. क्लायंट को जा चुकी है." म्हणजे काय, तर वरच्यांना आता चूक सांगायची कशी? यांचं नाक वर राहावं म्हणून मोबाइलचं काम पुण्याच्या दुसऱ्या कंपनीला गेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही विमानाने. मी तिथेच ओरडले. मराठीत ओरडले, कारण इतका राग मला दुसऱ्या भाषेत येत नाही. साहेब म्हणाले, "रिलॅक्स, मॅडम."

मी जाऊन तिला सांगितलं. पण एक आधार होता. विम्याचं काम घटलं तसं तिला अर्धा दिवस हॉटेल बुकिंगच्या फोनवर बसवत होते. त्यामुळे तिच्या 'काम' या रकान्यात विमा, हॉटेल अशी दोन नावं होती. मी तिला म्हटलं, "अगं, घाबरू नकोस. तो गाढव 'इक्वल्स'शिवाय काही लावत नाही. कमी करायच्या यादीत नुसतं विमा लिहिलेलेच येतील. तू त्यात बसत नाहीस."

"नक्की ना, ताई?"

"नक्की."

शुक्रवारी यादी लागली. त्यात तिचं नाव होतं.

मी तशीच रिपोर्टवाल्याच्या टेबलापाशी गेले. तो चहाला गेला होता, रिपोर्ट पडद्यावर उघडाच होता. वरच्या चौकटीत अट स्पष्ट दिसत होती: काम 'कंटेन्स' विमा. ज्याच्या रकान्यात विमा कुठेही आहे, तो प्रत्येक माणूस. गंद्या डेटाची आज कोणाला भीती वाटली नव्हती.

ती माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. गळ्यातलं ओळखपत्र काढून तिने आधीच हातात घेतलं होतं. पडद्याकडे बघत म्हणाली, "ताई, माझ्या रकान्यात तर दोन कामं होती ना?"

मी 'कंटेन्स' या शब्दावर बोट ठेवलं. तिने तो वाचला. डब्याच्या वेळी मी तिला या फिल्टरबद्दल इतकं सांगितलं होतं की आता काही समजवावं लागलं नाही.

"म्हणजे येतं त्यांना," ती म्हणाली.