चावीवाले दस्तगीरचाचा

भर रस्त्यात एक काटकुळा माणूस वाकून उभा. हातात छातीइतकी उंच लोखंडी चावी. तिचं एक टोक जमिनीतल्या व्हॉल्व्हवर टेकवलेलं, दुसरं कानाला. मागे उसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवून बेजार, आणि हा हात वर करून म्हणतोय, "थांब गड्या, लाइन बोलतीया!" दस्तगीरचाचांना मी पहिल्यांदा पाहिलं ते असं. आपल्या गावात वेड्यांची कमतरता नाही, असं मी मनात म्हणालो. संध्याकाळी त्याच जागी खणलं, तर फुटलेला पाइप निघाला.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सातारा आणि सांगलीच्या मधलं, यंत्रमागांवर पोट असलेलं एक लहानसं शहर, एवढं पुरे. चाचा मूळचे रहिमतपूरचे. नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामाला लागले आणि त्याच कामावरून निवृत्त झाले. कुठल्या गल्लीखालून कुठली लाइन जाते, कुठला व्हॉल्व्ह डांबराखाली गाडला गेलाय, सगळं एकट्या त्यांच्याच डोक्यात. मी तेव्हा शाळेत इतिहास शिकवायचो. आमच्या नळाला आधी फुसफुस वारा यायचा. त्यावर चाचा म्हणायचे, "मास्तर, तुमचा नळ बी तुमच्यागतच हाय. आधी नुसता आवाज, मग पाणी." बायको पदर तोंडाला लावून हसायची.

लॉकडाऊननंतर निम्मे माग बंद पडले. पालिकेच्या तिजोरीत खडखडाट झाला आणि साहेबलोकांना उपाय सुचला : गावाचं पाणी बाहेरच्या कंपनीकडे द्यायचं. घरोघरी मीटर, चौकातले फुकटचे नळ बंद. खालच्या आळीत तर चौकातल्या नळाशिवाय दुसरी सोयच नव्हती. आम्ही पाणी बचाव समिती काढली. तिचा चिटणीस मी. मोर्चे काढले, निवेदनं दिली, साखळी उपोषणं केली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की पालिकेकडचा लाइनींचा नकाशा महापुरात भिजून लगदा झालाय. कंपनीला व्हॉल्व्हच सापडले नाहीत, तर ताबा घेणार कशाचा?

मी चाचांना सभेत उभं केलं. ते माइकपासून चार हात लांब राहून म्हणाले, "माझ्या तोंडातनं एक बी वॉल निघायचा न्हाई." टाळ्या थांबेनात. त्या दिवशी माझी छाती त्यांच्यापेक्षा जास्त फुगली होती. कंपनीची माणसं त्यांच्या दारात मिठाई घेऊन गेली, तर चाचांनी त्यांना चहा पाजला आणि मिठाईसकट परत पाठवलं. कंपनीची गाडी खरोखरच अडली होती.

ऐन मे महिन्यात कंपनीच्या मशीनने खोदताना मुख्य लाइन फोडली. बंद करायला व्हॉल्व्ह सापडेना. पाणी रस्त्याने वाहून गेलं आणि खालच्या आळीच्या पाइपात गटार शिरलं. पोरांना जुलाब सुरू झाले. दोघं-तिघं सरकारी दवाखान्यात, सलाइनवर. चाचा माझ्याकडे आले. मी म्हणालो, "चाचा, अजून दोन दिवस कळ काढा. आता ते हातापाया पडत येतील. आपण जिंकलोय."

त्यांनी माझ्या अंगणाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मास्तर, तुमच्या दारात बोर हाय. म्हणून तुमास्नी दोन दिस थांबता येतंय."

आणि गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी चावी खांद्यावर टाकून निघाले. आधी फुटलेली लाइन बंद केली. पण घाण पाणी धुऊन काढायचं तर एका व्हॉल्व्हने भागणार नव्हतं. दिवसभर उन्हात ते एकेक व्हॉल्व्ह उघडत, कान लावत हिंडले. मागे कंपनीचा इंजिनीअर हातात पिवळ्या रंगाचा डबा घेऊन. चाचा उठले, की तो तिथे ठिपका मारायचा आणि फोनमध्ये जागा टिपायचा. चाचांना ते दिसत होतं. अंधार पडायच्या आत खालच्या आळीत स्वच्छ पाणी आलं आणि सगळ्या गावावर पिवळे ठिपके उमटले.

पुढच्या सभेत मी त्यांना फितूर म्हणालो. माइकवरून, सगळ्यांदेखत. चाचा मागच्या रांगेत होते. टोपी नीट केली आणि उठून गेले. त्यानंतर रस्त्यात भेटले तरी "कसं काय मास्तर" म्हणायचे. मीच मान वळवायचो.

मीटर बसले. समिती विरघळली. मी माझ्या दारात मीटर बसवून घेतला, हे लिहायला आता लाज वाटते. चाचांनी मात्र शेवटपर्यंत बसवू दिला नाही. "आयुष्यभर मी सोडलेलं पाणी हाय, त्याला काय मोजायचं?" म्हणाले. त्यांचं कनेक्शन तोडलं. म्हातारी हलिमाचाची शेजारून कळशीने पाणी आणायची.

दोन वर्षांनी एका सकाळी चाचा गेल्याचं कळलं. पहिली आठवण झाली ती त्या तोडलेल्या नळाची. शेवटची अंघोळ घालायला घरात पाणी कुठलं? मी बोर सुरू केली, दोन बादल्या भरल्या आणि निघालो. वाटभर वाक्य जुळवत होतो, की चाचीला काय म्हणायचं.

खालच्या आळीच्या तोंडाशी पोचलो, तर बायाबापड्यांची रांग लागलेली. कुणाच्या डोक्यावर घागर, कुणाच्या हातात कळशी, तांब्या. कंपनीच्या मीटरमधून आलेलं पाणी घरोघरून चाचांच्या दारात चाललं होतं. मी रांगेत शेवटी उभा राहिलो. माझ्यापुढे फक्त एक बाई उरली, तेव्हा आतून चाचांचा भाऊ बाहेर आला. माझ्याकडे बघून हात जोडून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मास्तर, पिंप भरलं."

आता मी मुलाकडे, सांगलीला विश्रामबागेत राहतो. पण भरल्या बादल्या घेऊन तसाच घरी परतलो होतो, ते ओझं अजून हातातून उतरलेलं नाही.