आईचे चोवीस

माझ्या धाकट्या भावाला जहाजावरच्या कॅसिनोत पत्ते वाटायची नोकरी हवी होती. ती लागली, तर एकदा गेला की नऊ महिने समुद्रावर. आमच्या कुळात पत्त्यांवर कोणी पोट भरलं नव्हतं. पत्त्यांपायी उपाशी राहिलेले दोन काका मात्र होते. पहिल्या चाचणीत तो नापास झाला. खेळणाऱ्याच्या जागी बसलेल्या म्हाताऱ्या परीक्षकाला त्याने कळवळून सांगितलं होतं, "काका, आता पत्ता घेऊ नका, बुडाल!" आमच्या किहीम गावची माणसं पाहुण्याला बुडू देत नाहीत, असं बाबा अभिमानाने म्हणाले. अभिमानाचा पगार किती मिळतो, असं मी मोठी बहीण म्हणून विचारलं. दुसरी संधी आठ दिवसांनी होती, आणि ती शेवटची.

मग रोज दुपारी जेवणं उरकली की ओटीवर ब्लॅकजॅक. नियम इतके सोपे, की आमच्या घराला समजायला फक्त चार दिवस लागले. प्रत्येकाला दोन पत्ते. राजा, राणी, गुलाम यांचे दहा. एक्का सोयीप्रमाणे एक किंवा अकरा, म्हणजे गावच्या पुढाऱ्यासारखा. हवं तर आणखी पत्ते मागायचे आणि एकवीसच्या जवळ जायचं. वर गेलात की मेलात. वाटणाऱ्याचा एक पत्ता उघडा, एक झाकलेला. त्याने सोळापर्यंत घ्यायचंच, सतरा झाले की थांबायचंच. स्वतःची अक्कल चालवायची नाही.

"मग ही सरकारी नोकरीच की!" बाबा म्हणाले.

पैशांच्या जागी वाल लावायचे. बाबांना हा खेळ एकत्र कुटुंबाचा वाटे. ते आपली दश्शी गुपचूप आईकडे सरकवत. आईची बेरीज तर रोज चुके. तेवीसला ती खुशाल एकवीस म्हणे, आणि भाऊ "असू दे गं" म्हणत तिला वर आणखी वाल देई. असाच दानधर्म केलास तर जहाज विकून घरी येशील, असं मी त्याला सुनावत असे. आईला मी काय काय बोलले, ते आता लिहवत नाही.

शेवटच्या दुपारी आईला राणी आणि छक्की आली. सोळा. भावापुढे राजा उघडा.

"घेऊ काय रं?" तिने विचारलं.

त्याने पत्त्यांची गड्डी सारखी केली.

"सांग ना, घेऊ का न्हाय?"

तो समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. तिने पत्ता घेतला. अठ्ठी.

"एकवीस झाले," आई ठामपणे म्हणाली.

"चोवीस." त्याने तिच्यापुढचे सगळे वाल ओढून घेतले. चेहऱ्यावर काही हललं नाही. बाबांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. भाऊ खुशीत मित्राला सांगायला पळाला.

आई पत्ते गोळा करू लागली. "तुला सोळा नि आठची बेरीज खरंच येत नाही?" मी विचारलं.

"तीस वर्सं बाजारात मासली विकली मी. कुनी फसवलं न्हाय मला."

"मग?"

"मी चुकत रायले, तर हा नरमच राहील असं वाटलं. मंग त्याला कोन घेतंय जहाजावर?"

मी उठून भावाला हाक मारणार, तोच तिने माझा हात धरला.

"त्याला सांगू नको गं. उद्या तिथं कुनाची आई समोर बसली, तर याचा हात थांबल."