कानातला भोंगा
तेलात लसूण करपल्याचा वास आला की माझं डोकं अजून फिरतं. स्वातंत्र्याला चारेक वर्षं झाली होती, मी कोल्हापुरात शाळामास्तर होतो. एका सकाळी डावा कान एकाएकी बंद पडला आणि आत गिरणीच्या भोंग्यासारखा एकच सूर लागला. आईनं महिनाभर लसणाचं तेल घातलं, मग थोरला भाऊ दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी कानात बघायच्या आधीच विचारलं, "कुठल्या तालमीत जाता?" म्हटलं, मी मास्तर, आखाड्याची माती कधी अंगाला लागली नाही. तर ते भावाला म्हणाले, "चितपट झालेला पैलवान असंच सांगतोय. कुस्ती बंद करा, कान उघडंल की." सगळं ठाऊक असलेला भाऊही हसला. मी सुरूच न केलेली ती कुस्ती आज सत्तरीतही बंदच आहे. भोंगा तेवढा चालू आहे.