आप्पांच्या पिकअपचं ढिलं स्टेअरिंग

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आप्पांना क्लच दाबवेना, म्हणून रविवारी निपाणीला भाजी पोचवायचं काम माझ्याकडं आलं. आठवडाभर बेळगावात शाळेत शिकवायचं आणि सुट्टीला सदलग्याजवळच्या मळ्यावर येऊन वडिलांचा जुना पिकअप हाकायचा. हाकायचाच! स्टेअरिंग पाव फेरा फिरवलं तरी चाकांना पत्ताच नसायचा, आणि मग गाडी एकदम तिकडं झेपावायची.

"आप्पा, स्टेरिंगला लई प्ले आलाय."

"गाडीला काय न्हाय झालेलं. तू दाबून धरतीस. हात हलका ठेव."

हात हलका ठेवला, तर हायवेवर आम्ही थेट शेजारच्या बसकडं सरकलो. शेजारी बसलेल्या आप्पांनी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला, आणि वर म्हणाले, "रस्ताच तसला हाय."

पहिल्या मेस्त्रीनं चाकांकडचे टायरॉडचे सांधे झिजलेत म्हणून नवे बसवले. ढिलाई तशीच. दुसऱ्यानं स्टेअरिंगच्या दांड्याखालच्या गिअरच्या डब्याचा, म्हणजे स्टेअरिंग बॉक्सचा, स्क्रू आवळला, तर वळणावरून स्टेअरिंग परत सरळच होईना. पुन्हा सैल करून घ्यावा लागला. तिसऱ्यानं चाकांची अलाइनमेंट केली आणि आधीच्या दोघांना नावं ठेवली. दर वेळी घरी आल्यावर आप्पा म्हणायचे, "बघ, म्हटलं न्हवतं?" मला रडावं की ओरडावं कळेना.

शेवटी एका दुपारी मीच गाडीखाली पोतं अंथरलं आणि आप्पांना सीटवर बसवलं.

"इंजिन बंदच असू दे. स्टेरिंग जरा डावीकडं, जरा उजवीकडं, एवढंच हलवा."

आप्पांनी गरागरा फिरवलं. माझ्या डोळ्यांत माती पडली.

"हळू, आप्पा!"

मग काहीच हलेना.

"थांबलासा का?"

"तूच म्हटलीस की हळू!"

बरीच हुज्जत घातल्यावर एकदाचा त्यांचा हात बसला. मी एकेक सांधा बघत गेले. नवे सांधे घट्ट होते. पण चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, पक्का बसलेला असायला हवा तो अख्खा बॉक्सच, आप्पांनी स्टेअरिंग हलवलं की मान डोलावल्यासारखा हलत होता. फडक्यानं चिखल पुसला. बोल्टांच्या मागं चॅसीचा पत्रा चिरला होता. बॉक्सला काय जोडलंय ते तिघांनी तपासलं. बॉक्स कशाला जोडलाय तिकडं कुणी बघितलंच नव्हतं. हायवेवर तो निखळला असता तर?

आप्पांना वाकता येईना, म्हणून मोबाइलवर फोटो काढून दाखवला. त्यांनी बोटानं तो मोठा करून बघितला.

"ह्या गाडीतनं मी तुला पाठवत हुतो व्हय गं," एवढंच म्हणाले. त्यावर मला रागावताही येईना.

गाडी जागची हलवली नाही. निपाणीचा वेल्डिंगवाला मळ्यावर बोलावला. त्यानं बॉक्स उतरवला, चीर भरून वरून जाड पट्टी जोडली, नवे बोल्ट घातले. पुढच्या रविवारी गाडी वांगी-टोमॅटो घेऊन सुतासारखी सरळ निघाली. मला वाटलं, आता तरी दोन बरे शब्द ऐकू येतील.

निपाणी आली तसं आप्पांनी हात लांबवून स्टेअरिंग जरासं हलवून बघितलं.

"लई कडक करून ठेवलंय गं," ते म्हणाले. "पयलं कसं लोण्यागत फिरायचं."