एक नट, एक ठिपका

चाकणच्या एका कंपनीत मी तपासणीला आहे. नट नीट आवळलाय याची खात्री झाली की त्यावर पिवळ्या मार्करने ठिपका द्यायचा. एका नटाला एक ठिपका, आणि तो मोजायचाही एकदाच. इतकी वर्षं हेच केल्यावर ठिपक्यांच्या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवलेलं खपत नाही.

म्हणून नववीतली माझी मुलगी पाण्याची इलेक्ट्रॉन ठिपका आकृती काढत बसली होती, तेव्हा शिफ्टवरून आल्या आल्या मी त्यात नाक खुपसलं. मधे ऑक्सिजन, दोन बाजूंना दोन हायड्रोजन, सगळे मिळून आठ ठिपके.

"ऑक्सिजनचे आठ झाले आणि हायड्रोजनचे दोन-दोन," ती म्हणाली.

"म्हणजे बारा. तू तर आठच काढलेत."

"पप्पा, मधली जोडी दोघांचीही असते."

"एकच ठिपका दोनदा मोजतेस? आमच्याकडे असं केलं तर गेटबाहेर काढतील!"

माझा आवाज चढला. बायको स्वयंपाकघरातून डोकावून गेली. मुलीने मुकाट्याने मधल्या जोड्या खोडल्या आणि प्रत्येकाला वेगळे ठिपके दिले. बारा भरले. मला बरं वाटलं.

पुढे मुलीला घेऊन पालकसभेला तिच्या मोशीच्या शाळेत गेलो, तर विज्ञानाच्या मॅडमनी तिचा परीक्षेचा पेपर माझ्यापुढे ठेवला. बारा ठिपके, वर लाल फुली.

"कमाल आहे, हिने आधी बरोबर काढलं होतं," त्या म्हणाल्या. "जोडीतला एक ठिपका याचा, एक त्याचा. दोघांत वाटून घेतलेली ती जोडी दोघांकडेही मोजायची. तिच्यामुळेच तर ते एकत्र राहतात."

कागदावर मधे खोडलेल्या जोड्यांच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या.

"तुला येत होतं?" मी मुलीला विचारलं.

"हो."

"मग खोडलंस का?"

ती खाली बघत म्हणाली, "तुम्ही ओरडला असता."

परीक्षेच्या वर्गात मी नव्हतो. मी तेव्हा चाकणला होतो, नटांवर ठिपके देत. तरी माझ्या धाकाने तिने बरोबर उत्तर खोडलं होतं. मॅडम पुढे काय बोलल्या, एक अक्षर आठवत नाही.

पार्किंगमध्ये गाडीला किल्ली लावता लावता मी म्हणालो, "चुकलं माझं."

तिने चटकन मागे वळून पाहिलं, मी दुसऱ्या कुणाशी बोलतोय का ते.